बसून दिसलं पाहिजे

कुठंही गेले की काका आधी बसून पाहायचे. लग्नाचा हॉल असो, नाटकाचं थिएटर असो, की आमच्या लकडगंजातला गणपतीचा मांडव. एकेका खुर्चीवर बसायचे, मान इकडेतिकडे करायचे, उठायचे, पुढच्या खुर्चीवर जायचे. मग एका खुर्चीवर हात ठेवून बायकोला हाक मारायचे, "ये वं, इथून दिसते." काकू गुडघे धरत हळूहळू यायच्या आणि बसायच्या. लोक हसायचे. मीही हसलो आहे.

माझं प्लायवूडचं दुकान. समोरच्या डेपोत ते सागवानाचे ओंडके मोजायला होते. टेप लावायच्या आधीच माप सांगायचे आणि ते सहसा चुकायचं नाही. या माणसाला आल्प्समधला एक बर्फाचा डोंगर चढायचा होता. नागपुरात राहून! आमच्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, नाहीतर उड्डाणपूल.

निवृत्त झाल्यावर ते रोज दुपारी माझ्या दुकानात यायचे. कॉम्प्युटर माझा, बोट त्यांचं. शोध एकच, सोपा डोंगर आणि कमी खर्च.

"काका, सोपाच चढायचा तर एवढ्या दूर काहून? हिमालय आहे ना आपला."

"हिमालयात बसून दिसत नाही गा," ते म्हणाले.

मग एकदा त्यांनी सांगितलं. लग्नाला वर्ष झालं होतं तेव्हा ते हिमालयात गिर्यारोहण शिकायला गेले होते, अठ्ठावीस दिवस. पत्र नाही, फोन नाही. घरी काकू दाराशी उभ्या राहून राहून वाळल्या. हे परत आले तेव्हा त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता मले दिसन असं चढा." ते पुन्हा कुठंच गेले नाहीत. तसा डोंगर त्यांना सापडलाच नव्हता.

आल्प्समध्ये तो सापडेल असं त्यांना कुठूनसं कळलं. तिथं तारेवरचा पाळणा थेट बर्फापर्यंत नेतो. वर उपाहारगृह असतं, बाहेर बाकं असतात. काकूंनी बाकावर बसायचं, यांनी समोरचा डोंगर चढून उतरायचं.

मग काय, आमची निवड सुरू झाली. फ्रान्समधलं शामोनी त्यांनी दोन दिवसांत सोडलं, म्हणे तिथं नुसत्या श्वासाचेही पैसे पडतील. इटलीत ग्रान पारादिसो नावाचा चार हजार मीटरचा सोपा डोंगर होता, मुक्कामही स्वस्त, पण पाळणा नाही. मुक्कामाच्या झोपडीपर्यंतच दोन-अडीच तास चढ. "तिचे गुडघे कोण नेईन?" स्वित्झर्लंडमध्ये झेरमाटला सगळं जमत होतं, डोंगर सोपा, पाळणाही वरपर्यंत, पण दोघांचं पाळण्याचं तिकीट पाहून ते माझ्याकडे असे पाहू लागले जणू ते मीच लावलं होतं. शेवटी ऑस्ट्रियातल्या स्टुबाई खोऱ्यावर येऊन ठरलं. डोंगर उंचीनं कमी, पण पाळणा बर्फापर्यंत, घरगुती खोल्या स्वस्त. तिथल्या उपाहारगृहाच्या गच्चीवर कॅमेरा लावलेला होता, त्यातलं आपल्याला इथं बसून दिसायचं. ते रोज बाकं पाहायचे. डावीकडून तिसरं बाक त्यांनी पक्कं केलं आणि काकूंना मुद्दाम दुकानात आणून दाखवलं.

"थंडी वाजन वं तिथं," ते म्हणाले.

"शाल घेते. तुम्ही लाल टोपी घाला, नाहीतर ओळखू नाही येणार," काकू म्हणाल्या.

सराव रामटेकला. पाठीवर वाळूची पिशवी आणि डोक्यावर लाल माकडटोपी, तीही नागपूरच्या उन्हात! काकू खाली चहाच्या टपरीवर खुर्चीत. पायऱ्यांच्या प्रत्येक वळणावर हे टोपी काढून हलवायचे, खालून काकू हात करायच्या. तो हात दिसल्याशिवाय हे पुढची पायरी चढत नसत.

जुलैत निघायचं ठरत होतं. मी व्यापारी माणूस, मीच म्हणालो, "काका, सप्टेंबरात जा. खोल्यांचे भाव उतरतात, गर्दीही नसते." त्यांनी माझं ऐकलं. ऑगस्टमध्ये काकूंना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या.

तेरवीनंतर ते दुकानात आले. कॉम्प्युटरसमोर बसले. मग म्हणाले, "आता झेरमाटही परवडते गा. एकट्याचाच खर्च आहे."

सप्टेंबर मी सुचवला होता हे त्यांनी कधीच काढलं नाही. काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या मुलीनं खूप आग्रह केला म्हणून ते गेले. झेरमाटला नाही, स्टुबाईलाच. मीही त्या दिवशी दुकानात कॅमेरा लावून बसलो होतो, पण तिकडे ढग होते, पडद्यावर नुसतं पांढरं दिसत राहिलं.

परत आल्यावर त्यांनी संत्र्याची बर्फी आणली, नागपूरचीच. तिकडून काही आणलं नव्हतं. फोटोही नव्हता.

"चढलात ना?"

"चढलो. ढग घडीभर हटले अन् वळण आलं. सवय गा, टोपी काढून हलवली. वाटाड्या घाबरला, त्याले वाटलं मी मदत मागून राहिलो." ते थोडं हसले. मग टोपी मांडीवर ठेवून तिची लोकर चिमटीनं सारखी करत राहिले. "खालून कोणीतरी हात केला. कोणाची कोण बाई. एवढुशी दिसत होती."

मी आपलं विचारलं, "उभी होती?"

"नाही गा," ते म्हणाले. "बसून होती."

यंदाच्या हिवाळ्यात तेही गेले. आपल्याकडे दुपार झाली की तिकडे सकाळ असते. गिऱ्हाईक नसलं की मी तो कॅमेरा उघडतो. डावीकडून तिसऱ्या बाकावर कोणी नसलं, तर कोणीतरी येऊन बसेपर्यंत पाहत राहतो.