एअर फ्रायरमधली दृष्ट

एअर फ्रायरमध्ये दृष्ट जाळू नये. त्याच्या माहितीपुस्तिकेत तसं कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मी एकदा जाळून बघितली. तेव्हा मी लहान होते, जेमतेम एकसष्ट वर्षांची, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

आम्ही निगडीला, प्राधिकरणात राहतो. माझा मुलगा सचिन चाकणला एका जर्मन कंपनीत. त्या वर्षी कंपनी एकाच माणसाला जर्मनीला पाठवणार होती आणि निवड करणार होते तिकडून आलेले मोठे साहेब. सचिनचं नाव चर्चेत होतं, नक्की काहीच नव्हतं. पोरगा झोपेतसुद्धा इंग्रजी बडबडायला लागला होता. अशात साहेबांनी भर शॉप फ्लोअरवर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि असा माणूस आपण पाहिला नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. वर रविवारी तुझ्या घरी जेवायला येतो, असंही म्हणाले.

सचिन हवेत तरंगत घरी आला. मी मात्र कपाळाला हात लावला. अख्ख्या शिफ्टसमोर एवढं कौतुक? पोराला दृष्ट नाही लागणार तर काय होणार!

पाहुण्याला त्याच्या गावचा एक तरी घास मिळावा म्हणून माझ्या सुनेनं, अश्विनीनं, चिकनचे सॉसेज आणले होते. ते पाकिटातून बाहेर आले तेव्हा मला त्यांची दयाच आली. इस्पितळातल्या पेशंटसारखे फिकट, ओळीनं निजलेले. जरा काळा मसाला चोळू का, असं मी विचारलं. "आई, रस्सा तुमचा," अश्विनी म्हणाली. "सॉसेजला हात लावायचा नाही." मी लावला नाही. शेवटपर्यंत लावला नाही. (एवढं माझ्या बाजूनं लक्षात ठेवावं.)

रविवारी अश्विनीनं सॉसेज एअर फ्रायरमध्ये घातले आणि ती साडी नेसायला गेली. मी संधी साधली. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या घेतल्या आणि केस विंचरत असलेल्या सचिनवरून उतरवल्या. आत्ता नको, असं तो पुटपुटला, पण हलला नाही. (जर्मनीचा प्रश्न होता. कोण धोका पत्करणार?)

आता आमच्याकडे नियम असा, की दृष्ट उतरवली की ती विस्तवात टाकायची, आणि टाकल्यावर हातपाय धुवेपर्यंत मागे वळून बघायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. मूठ घेऊन मी स्वयंपाकघरात आले. गॅसच्या एका बर्नरवर पुलाव, दुसऱ्यावर माझा रस्सा. विस्तव कुठे मोकळाच नाही. ओट्यावर एअर फ्रायर घोंघावत होता आणि त्याच्या आत लालभडक तार तापलेली असते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. विस्तव तो विस्तव, मी मनाशी म्हटलं. ड्रॉवर ओढला, मूठ रिकामी केली, ड्रॉवर लोटला आणि मागे न बघता बाथरूमकडे निघाले.

बाथरूममध्ये आमचे हे दाढी करत होते. हे पिंपरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले सेफ्टी सुपरवायझर. मी दार वाजवलं. "कोण आहे?" आतून आवाज. आता कोण आहे ते सांगायचं कसं? मी पुन्हा वाजवलं. "अहो, कोण?" मी पुन्हा वाजवलं.

चुलीत मिरची पडली की जळते आणि संपते. या यंत्राला आत पंखा असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मोहरी गारपिटीसारखी वाजायला लागली. मिरच्या उडाल्या, तारेला चिकटल्या, पेटल्या, आणि पंख्यानं तो सगळा धूर मागच्या जाळीतून इमानेइतबारे हॉलमध्ये आणून सोडला. नेमकी तेव्हाच बेल वाजली. सचिननं दार उघडलं. हातात फुलं घेतलेले साहेब "नम" एवढंच म्हणाले. बाकीचा नमस्कार खोकल्यात गेला.

अश्विनी नाकाला पदर लावून धावत आली. "आई, यात काही घातलंत का?"

मी मान हलवली.

"काय घातलंत?"

मी दोन बोटांत मिरचीएवढं अंतर धरून दाखवलं. तिला वाटलं, सॉसेज. "ते मीच घातलेत हो," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

तेवढ्यात हे बाहेर आले. एका गालावर साबण, दुसरा गुळगुळीत. त्यांनी एकदा हुंगलं आणि निवृत्तीपासून ते ज्या क्षणाची वाट बघत होते, तो अखेर आला. सगळ्यांनी खाली, जिन्यानं, लिफ्टला हात लावायचा नाही! सर्वांत आधी साहेब निघाले. त्यांच्यामागे आम्ही, आमच्यामागे खोकत खोकत अख्खा मजला. पार्किंगमध्ये यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि अर्ध्या दाढीनं डोकी मोजली. अश्विनी गॅस बंद करून आली होती, पण गडबडीत एअर फ्रायरचा ड्रॉवर हातातच राहिला होता.

मी पार्किंगच्या नळावर हातपाय धुतले आणि मगच तोंड उघडलं. म्हटलं, ठसका लागला ना सगळ्यांना? म्हणजे दृष्ट नव्हतीच. (खरी दृष्ट असली तर मिरच्या जळूनही ठसका येत नाही, असं मानतात.) या बातमीचा कोणालाही आनंद झाला नाही. सचिन भिंतीला टेकून अश्विनीला म्हणाला, "गेलं जर्मनी."

साहेब डोळे पुसत ड्रॉवरपाशी आले. सॉसेज आता फिकट नव्हते. मोहरी आणि राख माखलेला एक त्यांनी उचलला, उलटसुलट पाहिला, थोडा चावला, आणि माझ्याकडे वळले.

चाकणच्या कंपन्यांत एखादा भाग बिघडला की मूळ कारण सापडेपर्यंत प्रश्न विचारत जायची पद्धत आहे. त्यासाठी साहेबांनी नमस्काराखेरीज मराठीतला एकच शब्द शिकून घेतला होता.

"का?" साहेब म्हणाले.

"मिरच्या जळल्या म्हणून." सचिननं इंग्रजी केलं.

"का?"

"दृष्ट काढली म्हणून." याचं इंग्रजी करायला सचिनला बराच वेळ लागला. शेवटी त्यानं स्वतःवरून रिकामी मूठ ओवाळून दाखवली.

"का?"

"याचं भर कंपनीत कौतुक झालं म्हणून."

"का?"

"ते तुम्हालाच ठाऊक," मी म्हटलं. "कौतुक तुम्हीच केलंत."

सचिनचं इंग्रजी तिथंच थांबलं. "आई, हे नको सांगायला."

"विचारलंय ना त्यांनी? सांग."

त्यानं सांगितलं, जमिनीकडे बघत. साहेब हसायला लागले, हसता हसता पुन्हा खोकायला लागले, आणि खोकला थांबल्यावर बराच वेळ काहीतरी बोलले. ऐकता ऐकता सचिनची मान हळूहळू वर आली. मग त्यानं मला शब्दन् शब्द मराठीत सांगितलं:

"मूळ कारण मीच आहे, हे मान्य. तुमच्या मुलाला मी नेतो. पण तुम्ही त्याला भेटायला येणार असाल तर आधी कळवा. आमच्याकडे घरोघरी धूर झाला की वाजणारा भोंगा असतो, आणि माझ्या गावात आगीचा बंब एकच आहे."