मुदतीचा ताप आणि आमच्या नर्सबाई

आमच्या शेजारच्या नर्सबाई स्वर्गात पोहोचल्या असतील, तर तिथल्या देवदूतांचे हात एव्हाना साबणाने धुऊन धुऊन सोलून निघाले असतील. अख्ख्या सांडोर गावात इतकी अस्वस्थ बाई दुसरी झाली नाही. वसईच्या दवाखान्यातून घरी आल्या तरी त्यांची ड्युटी काही संपत नसे. आमच्याकडे यायच्या, खुर्चीच्या कडेला टेकायच्या आणि चहा येण्याआधीच उठून माठावर झाकण आहे का ते बघून यायच्या. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचायच्या, उचलताना, ओतताना आणि परत ठेवताना, आणि तीही मोठ्याने. एकदा चर्चमध्ये लग्न लागताना नवरी घामाघूम झालेली दिसली, तर या सरळ पुढे गेल्या आणि तिची नाडी मोजू लागल्या. पाद्री बिचारे थांबून राहिले. मोजून झाल्यावर म्हणाल्या, "चालू द्या फादर, नुसती घाबरलीये."

स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या वडिलांना मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला, आणि नर्सबाईंनी आमचं घर ताब्यात घेतलं. "आतडं ओल्या कागदासारखं झालंय, घट्ट काही गेलं तर फाटेल," असं त्यांनी सर्वांना बजावलं. आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा हात हलवत येत नाही, म्हणून त्या दारातच पाहुण्यांच्या पिशव्या तपासत. वडील कुरकुरत, "माझ्याच बागेतली केळी, मीच सुकवलेली सुकेळी, आणि मलाच बंदी!" नर्सबाई त्यांच्या पुढ्यात पेजेचं पाणी ठेवत.

एकविसाव्या दिवशी सकाळी ताप उतरला. नर्सबाईंनी थर्मामीटर बघितला, चक्क हसल्या आणि कामावर गेल्या. घरात आनंदीआनंद झाला. अर्नाळ्याहून आलेली आत्या म्हणाली, "तीन आठवड्यांची मुदत संपली, आता कसलं पथ्य?" दुपारी तिने सुकेळी पानातून सोडवून वडिलांच्या तोंडापाशी नेली, तेवढ्यात नर्सबाई धापा टाकत दारात हजर. दवाखान्यात चैन पडेना, म्हणून सुटी मागून आल्या होत्या. हात न धुताच त्यांनी सुकेळी हिसकावली आणि वडिलांचं मनगट धरलं.

"ताप नाही, मग नाडी का पळतेय?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. वडील पांढरेफटक पडले होते, अंगाला गार घाम सुटला होता.

"अगं बाय, ताप उतरला की घाम येतोच," आत्या म्हणाली.

"आतड्यातून रक्त जातंय. यांना कुणी हलवू नका. पाण्याचा थेंबही नको." त्यांनी खाटेच्या पायथ्याखाली विटा लावायला लावल्या, काकांना सायकलवरून डॉक्टरांकडे पिटाळलं आणि मासळीवाल्यांकडून बर्फ मागवून पोटावर ठेवला. डॉक्टर येईपर्यंत त्यांनी वडिलांचा हात सोडला नाही. आई कोपऱ्यात उभी राहून नर्सबाईंच्या तोंडाकडे बघत होती, मी आईच्या.

वडील वाचले. हिंडूफिरू लागल्यावर आई आणि मी केळ्यांचा घड घेऊन नर्सबाईंकडे गेलो. त्यांनी घडाला हातही लावला नाही.

"माझे आभार नका मानू," त्या म्हणाल्या. "सकाळी मी नुसता थर्मामीटर बघितला, नाडी बघितलीच नाही; बघितली असती तर तेव्हाच कळलं असतं. एकविसावा दिवस होता ना, मलाही वाटलं, मुदत संपली. वाटेत आठवलं, तरी दुपारपर्यंत मनाला समजावत राहिले."

"पण आलात ना बाय परत," आई म्हणाली.

नर्सबाई पदराने डोळे पुसत राहिल्या. त्यांनी सांगितलं नसतं, तर आम्हांला जन्मात कळलं नसतं. ज्या बाईमुळे माझे वडील पुढे पुष्कळ वर्षं जगले, ती आमच्यासमोर माफी मागत होती, आणि माफी कशी द्यावी हे आम्हां दोघींना कळत नव्हतं.