सात नंबर बसमध्ये होती

सर बसच्या पायरीवर थांबले आणि मागं न बघताच म्हणाले, "सात नंबर, तू उतरू नकोस."

सात नंबर म्हणजे मी. बाकीच्या अकराजणी माझ्या गुडघ्यांना घासून एकेक करत उतरल्या. एकीनंही विचारलं नाही, का गं. सगळ्यांना माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

मग सर आत आले, शेजारच्या सीटवर बसले आणि अगदी मऊ आवाजात समजावू लागले. आधी देवळात नारळ आहे. मग सरपंचांच्या सोप्यात जेवण. गावकऱ्यांचं सकाळीच म्हणणं आलंय. स्पर्धेला दोन ट्रॉल्या भरून माणसं यायची आहेत, आपल्याला त्यांचं मन राखायला लागतं. "तू समजूतदार आहेस," असं म्हणून त्यांनी माझ्या खिडकीचा पडदा स्वतःच्या हातानं ओढला. उतरताना ड्रायव्हरला सांगितलं, कुणी विचारलं तर तिला ताप आलाय, सांगलीतच राहिली म्हणून सांगा.

गाव माझं होतं. माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अलीकडचं. त्याच मातीत मी शेरडं हाकता हाकता पळायला शिकले.

झालं होतं असं. आमची खासगी संस्था नुकतीच विद्यापीठ झाली होती. नव्या इमारती होत्या, कारंजं होतं, मुलींचा खो-खोचा तगडा संघ होता. फक्त टाळ्या वाजवायला माणूस नव्हता. पहिल्या स्पर्धेला मैदानाभोवती शिपाई आणि त्यांच्या बायका बसवल्या होत्या. संस्थेचे मोठे साहेब चिडले. मग क्रीडा विभागानं ठरवलं की संघानं गावोगाव जायचं, सत्कार घ्यायचा, गावातल्या मैदानावर खेळून दाखवायचं आणि लोकांना सांगायचं की हा संघ तुमचाच आहे. बसला कापडी फलक लावला, 'आपलं गाव, आपला संघ.'

माझ्या गावाला पत्र मीच लिहिलं. सर म्हणाले होते, गावच्या लेकीचं पत्र गेलं की लोक धावत येतील. सही करताना म्हणाले, नुसतं नाव लिही, आडनाव राहू दे, आपुलकीचं वाटतं. मला खरंच तसं वाटलं. मी नाव लिहिलं आणि खाली गावाचं नाव. लेक कुणाची, हे गावाला नंतर कळलं असणार.

आईलाही वेगळं पत्र टाकलं होतं. तिला अक्षर येत नाही, पण आकडे कळतात. म्हणून पत्रात मोठ्ठा सात काढला आणि शेजारच्या पोरीला निरोप दिला की आईला सांग, पाठीवर हा आकडा असेल ती मी.

आणि आता मी पडद्याआड बसले होते. मी भ्याले होते, हे आधी सांगते. नंतर लिहिताना माणूस स्वतःला शूर करून घेतो, मला ते करायचं नाही. वसतिगृहातली जागा मला खेळाडू म्हणून मिळालेली. संघातून नाव गेलं की जागा गेली, जागा गेली की शिक्षण गेलं. मग परत गाव आणि मामाच्या पोराशी लग्न. मामा तर तारीखच धरून बसला होता. एवढं सगळं त्या एका 'उतरू नकोस'मध्ये होतं. मी मुकाट बसले.

पडद्याच्या फटीतून देवळापुढचं मैदान दिसत होतं. पोरी रांगेत उभ्या होत्या. पलीकडं, सगळ्यांपासून लांब, बाभळीखाली आमच्या वस्तीतल्या बाया. त्यात आई. जयंतीला नेसायची ती निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आली होती. ती रांगेच्या मागून चालली. एकेका पोरीची पाठ बघत. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा परत आली. सात नव्हता.

मग ती बसकडं वळली.

मी सीटखाली शिरले. सरांनी तसं सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं.

"आवं ड्रायवरदादा, माझी लेक दिसंना."

ड्रायव्हर मिरजेचे चाचा. ते एकदा माझ्याकडं बघून बाहेर बघायला लागले. म्हणाले, "ताप आलाय तिला. सांगलीतच राहिली."

"लय हाय का ताप?"

चाचा समोरची काच पुसायला लागले. आईचा हात खिडकीच्या गजांतून आत आला. हिरव्या बांगड्या, त्यातली एक दोऱ्यानं बांधलेली. तिनं फडक्यात बांधलेलं गाठोडं माझ्या सीटवर ठेवलं. माझ्या केसांपासून वीतभर वर. "येवढं द्या तिला. शेंगाची चटणी हाय. तापात तोंडाला चव येती."

मी श्वास धरून ठेवला. चोराच्या भीतीनं लपावं तशी मी आईपासून लपले होते. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला तेव्हा मला स्वतःची इतकी किळस आली की भीती तिच्यापुढं थोडी मागं सरली. गेली नाही.

मी उठले आणि दाराकडं गेले. चाचांनी दार उघडलं. पायरीवरून पडता पडता राहिले.

"आये."

ती वळली, धावत आली आणि आधी कपाळाला हात लावला. "ताप न्हाई," म्हणाली.

"न्हाई. देवळात मी नगं म्हणून मला बशीत लपवली हुती."

मला वाटलं, आई सरांना शिव्या घालील, गावाला घालील. ती एवढंच म्हणाली, "आन् तू लपलीस?"

मी तिचा हात धरून मैदानावर गेले. रांगेत माझी जागा रिकामी होती, तिथं उभी राहिले. आई माझ्या मागं. सर घाईनं आले आणि दातओठ खात, हळू आवाजात म्हणाले, "हॉस्टेल सोडायचंय का?"

माझा आवाज चिरकला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सर, मला ताप नाही. तुम्ही मला बसमध्ये लपवली होती. पत्र मीच लिहिलंय. हे माझं गाव आहे."

ओवाळणाऱ्या बायका सहा नंबरपर्यंत आल्या होत्या. ताट माझ्यासमोर थांबलं. धरणाऱ्या बाईनं सरपंचांकडं बघितलं. सरपंचांनी जमिनीकडं. ताट माझ्यावरून आठ नंबरकडं गेलं. मी हलले नाही. सगळ्या गावाला ते ताट कसं वळलं हे बघू दिलं.

महिन्याच्या आत वसतिगृहाच्या सूचनाफलकावर संघाची नवी यादी लागली, त्यात मी नव्हते. वसतिगृह सोडलं. साताऱ्यात एका बाईंच्या घरी धुणीभांडी करून बाहेरून परीक्षा दिल्या. त्या स्पर्धेला आमच्या गावातून दोन ट्रॉल्या गेल्या, असं ऐकलं. आमच्या वस्तीतून कुणी गेलं नाही.

मी अजून भिते. कुठल्याही साहेबाच्या खोलीत शिरताना हात गार पडतात. पण मला कुणी पुन्हा त्यांच्या सोयीसाठी बाजूला बसवलं, तर मी भीत भीत उठणार, चारचौघांत जाणार आणि कुणी बसवलं ते नाव घेऊन सांगणार. आईनं मला तो प्रश्न एकदा विचारला. दुसऱ्यांदा विचारायची पाळी मी तिच्यावर येऊ देणार नाही.