न तुटणारा बोल्ट
बोल्ट मी बसवला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं बब्रुवानमामांवर कुणी शंका घ्यायला नको. तसं त्यांच्यावर कुणी शंका घेतच नाही, आणि माझं दुखणं नेमकं तेच आहे.

आमच्या साखर कारखान्यात वीजही तयार होते. ऊस पिळून उरलेला चोथा एका लांब साखळीवरून बॉयलरकडं जातो, जळतो, वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. ती साखळी आणि तिची मोटर यांच्यामध्ये बोटाएवढी एक पिन असते. मऊ लोखंडाची, मधोमध खाच पाडलेली. साखळीत काही अडकलं की पिन तुटते आणि साखळी वाचते. दहा मिनिटांत नवी घालायची की पुन्हा चालू.

ती घालणारे बब्रुवानमामा. तेरजवळच्या वस्तीवर घर, घरी चाळीसेक मेंढरं, शाळा चौथीपर्यंत. हंगामी कामगार, पण वीस हंगाम त्याच साखळीशेजारी. तंबाखू मळता मळता नुसत्या आवाजावरून सांगायचे, आता पिन जाणार. आणि जायची. आमचे चीफ इंजिनिअर रणधीरसाहेब प्लँटमध्ये पाय ठेवला की विचारणार, बब्रुवान कुठंय? समोर मी उभा. धाराशिवचा डिप्लोमा, एकाहत्तर टक्के, इस्त्रीचा शर्ट. एकदा साहेबांनी थांबून माझं नाव विचारलं. मी फुलून सांगितलं, सुरज. ते म्हणाले, "सुरज, जरा बब्रुवानला बोलाव."

त्या दिवशी ठरवलं. पिनच तुटली नाही तर बब्रुवान लागतात कशाला? स्टोअरमधून कडक पोलादाचा बोल्ट काढला आणि पिनेच्या जागी ठोकला. मामांनी वाकून बघितलं.

"सुरजराव, हे तुटलं न्हाय तर दुसरं कायतरी तुटंल."

"मामा, मेंढरं वेगळी, मशीन वेगळं," मी म्हणालो.

चार दिवस काही तुटलं नाही. मी साहेबांना कागद दिला: देखभाल सुधारली आहे, नव्या पिना मागवायची गरज नाही, एक तारखेपासून बब्रुवानला यार्ड झाडायला पाठवता येईल. बोल्टाचं तेवढं लिहिलं नाही. साहेब म्हणाले, बघू. स्टोअरमधल्या पिना संपल्याच होत्या; नवी मागणी मी तेवढी थांबवून टाकली.

पाचव्या दिवशी सकाळी अकराला चोथ्यातून लोखंडाचा एक तुकडा आला आणि साखळीत अडकला. बोल्ट अजिबात हलला नाही. साखळीच तुटली. चोथा थांबला, भट्टी मंदावली, वाफेचा दाब उतरला, टर्बाइन बंद. मागोमाग ऊस पिळणंही बंद. इतकी शांतता झाली की पत्र्यावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत.

साहेब आले. बोलणी खायची पूर्ण तयारी करून मी सांगितलं, बोल्ट मी बसवला. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "बब्रुवान कुठंय?"

म्हणजे बोलणीसुद्धा माझ्या वाट्याला आली नाहीत.

साखळी जोडायला तीन वाजले. मग मामा पिन बघायला गेले तर स्टोअरमध्ये एकही नाही. मागणी कुणी थांबवली होती, ते सगळ्यांना माहीत होतं. मामा मोटारसायकल काढून घरी गेले आणि अर्ध्या तासात मेंढा बांधायची लोखंडी खुंटी उपटून घेऊन आले. करवतीनं कापली, कानशीनं घासून बसती केली आणि खाच पाडायला लागले. खाच किती खोल घ्यायची, मी वही काढून विचारलं.

"साखळीला किती सोसंल ते हाताला कळतंय. तुमच्या वहीत असंल तर बघा की."

वहीत नव्हतं. पाच वाजता टर्बाइन फिरलं. साहेबांनी मामांच्या पाठीवर हात ठेवला आणि यार्डाचा कागद माझ्या हातात परत दिला. मी मामांना म्हणालो, खुंटी मी आणून देतो. ते म्हणाले, "देताल, घाई न्हाय." आणि माझा बोल्ट मागून घेतला.

त्याला आता दोन महिने झाले. धाराशिवच्या स्टँडजवळ लोहार बसतो, दर रविवारी मी त्याच्यासमोरून जातो. खुंटी दिली की मामा ती प्लँटभर दाखवणार, सुरजरावांनी आणली म्हणून. आणि लोक म्हणणार, बब्रुवाननं पोराला वळण लावलं. त्यात माझं नाव कुठं आलं?

परवा मामांचा डबा घेऊन त्यांच्या बायको द्वारकाबाई गेटवर आल्या. मी नमस्कार केला.

"इंजिनेर, खुंटी आणताव का न्हाय? तुमचा बोल्ट ठोकलाय मेंढ्याला. तुटत न्हाय, पण लई आखूड हाय. रोज उपटतोय अन् गळ्यात लटकवून गावभर हिंडतोय."

मी म्हणालो, या रविवारी नक्की.

रविवार काल झाला.