बाहुलीच्या कोटाचा काठ

मागच्या रविवारी गारगोटीला ताईच्या घरी होते. भाचीचा, स्वराचा, पाचवा वाढदिवस होता... आणि तिने मला एक साधाच प्रश्न विचारला.

गोष्ट त्याच्या तीन आठवडे आधीची. स्वरासाठी दुकानात बाहुली बघायला गेले, तर सगळ्या बाहुल्यांच्या सोबत आरसा, कंगवा आणि गुलाबी फ्रॉक. कामाला जाणारी एकही नाही. म्हटलं, आपणच करू. इथे कोल्हापुरात महाद्वार रोडवरून फेल्टचं कापड आणलं, व्हिडिओ बघून वीतभर उंचीची बाहुली कापली आणि तिला पाच ड्रेस ठरवले... डॉक्टरचा कोट, पोलिसाचा शर्ट, वकिलाचा काळा कोट, रेनकोट आणि घरी घालायला परकर-पोलकं.

माझी आई गेली वीस वर्षं एका टेलरसाठी घरी हातशिलाई करते. ब्लाउजची हुक-काजं, साडीचे फॉल, ड्रेसच्या खालच्या पट्ट्या. संध्याकाळी आम्ही एकाच ट्यूबलाइटखाली बसायचो, ती तिचं काम घेऊन आणि मी माझी बाहुली. माझ्या सुईत दोरा तीच ओवून द्यायची, कारण मला दोनदा तरी चुकायचं.

घरात पहिली पदवी माझी. त्यामुळे बँकेचा फॉर्म असो की डॉक्टरची चिठ्ठी, आई माझ्या हातात देते आणि म्हणते, "तुला कळतंय, तू बघ." हे ऐकायची मला सवय झालीय... थोडी आवडही.

एक दिवस क्लासहून आले तर आईने डॉक्टर-वकिलाचे दोन्ही कोट आणि पोलिसाचा शर्ट मुडपून ठेवलेले. सगळे काठ आत दुमडून बारीक टाके. म्हणाली, "कच्चाच काठ ठेवलावतास की गं. लेकराला द्यायचं हाय न्हवं? असं बरं दिसतंय व्हय?"

फेल्ट विणलेलं नसतं, त्याचे धागे सुटत नाहीत, म्हणून त्याला मुडपावं लागत नाही. काठ तसाच ठेवतात. आणि वीतभर बाहुलीच्या कपड्यात अर्धा सेंटिमीटर आत गेला की संपलं... कोटाच्या बाहीत हातच जाईना, शर्ट पुढून मिटेना. उसवायला गेले, तर टाके इतके बारीक की कापडच फाटायला लागलं.

मी म्हणाले, "न विचारता हात कशाला लावतेस? तुला काय कळतं यातलं?"

आई "बरं" म्हणाली. सुई रिळाला टोचली आणि उठली.

भांडण वगैरे काही झालं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती काम घेऊन दारात बसायला लागली. उजेड बरा असतो म्हणाली. मी तिन्ही कपडे नव्याने कापले, दोरा माझा मीच ओवला... बाहुली कुठवर आली, हे तिने एकदाही विचारलं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी गारगोटीला गेलो. केक कापून झाला, स्वराने पिशवी उघडली. ताईच्या सासूबाईंनी बाहुली हातात घेऊन उलटीसुलटी बघितली आणि म्हणाल्या, "शिकलेली मावशी असली की असं असतंय बघा." मला छान वाटलं, खोटं कशाला सांगू.

स्वराने सगळे ड्रेस घालून बघितले आणि मग पिशवी पालथी केली. तळातून आईने मुडपलेले ते तीन कपडे खाली पडले. बाजूला काढायचे राहूनच गेले होते. तिने कोट बाहुलीला घालून बघितला. बसेना. तिने स्वतःशीच विचार केला आणि जाहीर केलं, "हे हिच्या बाळाचे हायेत!"

सगळे हसले. मग तिने मला विचारलं, "मावशी, बाळ कुठाय?"

मी पिशवीची घडी घालायला लागले. स्वरा आजीकडे वळली. "आजी, बाळ कुठाय गं?"

आई स्वराकडेच बघत म्हणाली, "मावशीलाच इचार बाई. मला काय कळतंय त्यातलं?"

पुन्हा सगळे हसले. त्यांच्यासाठी तो विनोद होता. मी प्लेट ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि सिंकमधल्या सगळ्या प्लेटा धुऊन काढल्या.

स्वराला सांगितलं, बाळ कोल्हापुरात राहिलंय, पुढच्या रविवारी घेऊन येते. ते तीन कपडे मापाला म्हणून परत आणले.

आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धत नाही. सोमवारी मी आईचा कोट कागदावर ठेवून आखला आणि त्याच्या आत मावेल एवढं बाळ कापलं. आजवर बाहुलीच्या मापाचे कपडे केले होते... या वेळी कपड्यांच्या मापाची बाहुली केली. कोट बसला. शर्टही मिटला. आता ते बाळ डॉक्टर आहे, वकील आहे आणि पोलीसही.

उरलेल्या तुकड्यातून त्याला टोपी कापली. कापताना चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर जास्त सोडला. मग सुई, रीळ आणि टोपी घेऊन दारात आईशेजारी जाऊन बसले. म्हटलं, "दोरा ओवून दे. आणि हिचा काठ मुडपून दे."

आईने टोपी उजेडात धरली, काठावरून बोट फिरवलं. "जागा सोडलीयास की." मग बाळाचा हात दाबून बघितला. "आणि ह्येच्या हातातला कापूस जरा काढ. लई ठासून भरलायस."

काढला. हात खरंच जाड झाला होता.

उद्या बाळ गारगोटीला जातंय. फेल्टला मुडपावं लागत नाही, हे आजही खरं आहे... पण त्याच्या टोपीच्या काठाला आईचे बारीक टाके आहेत, आणि ती टोपी मी आज संध्याकाळपासून चार वेळा हातात घेऊन बघितलीय.