राणीच्या शिंगातलं घड्याळ

आता काय सांगू तुम्हाला! माणसानं माइकपासून लांब राहावं असा एखादा दिवस प्रत्येकाच्या नशिबात येतो. तो नेमका कुठला, हे मात्र त्या दिवशी कुणी कानात येऊन सांगत नाही. मला तरी कुणी सांगितलं नाही. चहा घ्या, गार होईल. मी तोंडावर कसा आपटलो ते सांगतो.

तर आमची आक्का. माझी थोरली बहीण, वय चौसष्ट, राहायला उचगावात लेकाजवळ, दारात सहा म्हशी. तिनं गोठ्यातून ‘राणीऽऽ’ म्हणून हाक मारली की रस्त्यानं जाणाऱ्या दोन-चार बायका ‘काय वो?’ म्हणून थांबतात. राणी म्हणजे म्हैस.

गेल्या वर्षी आक्काला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. नाव ऐकूनच मी मटकन खाली बसलो. आक्का मात्र डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “काढायचाच हाय न्हवं? मग काढा की! म्हशीचं दूध काढाय मी काय म्हूर्त बघतो व्हय?”

आमच्याकडच्या बायका ‘मी जातो, मी बघतो’ असंच बोलतात बरं का. उगाच गोंधळू नका.

ऑपरेशन झालं, मग किमो झाली. तेवढे महिने आक्का आमच्याकडं कोल्हापुरात, मंगळवार पेठेत होती. वजन उतरलं, केस विरळ झाले, आवाज तेवढा शाबूत राहिला. एकदा दुपारी पाणी द्यायला गेलो, तर भिंतीकडं तोंड करून रडत होती. मी तसाच मागं फिरलो. आई गेल्यावर मला आक्कानं वाढवलं. तिला काही झालं असतं तर मला ‘गाढवा’ म्हणणारं माणूसच या जगात उरलं नसतं.

उपचार संपले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता खाणं आणि चालणं सांभाळा. थोडं थोडं, पाच-सहा वेळा खा. भाज्या, कडधान्यं पोटाला सोसतील तशी हळूहळू वाढवा. पाणी भरपूर प्या. मटण अगदी कमी. आणि चाला. झेपेल तेवढंच, पण रोज.”

मी म्हटलं, माझ्यावर सोडा! अहो, मी हायस्कूलचा ड्रिल मास्तर. तीस वर्षं शिट्टी वाजवलीय. फक्त एक अडचण होती. ‘हळूहळू’ अशी ऑर्डर आमच्या ड्रिलमध्ये नसते. पहिल्याच सकाळी मी आक्कापुढं परात ठेवली. मोडाची कच्ची मटकी, गाजर, काकडी, मुळा! आरोग्य म्हणजे आरोग्य! आक्कानं भावाचं मन राखायला खाल्लं आणि संध्याकाळपर्यंत ती संडासातून बाहेर आली नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर माझी जी हजामत केली, ती शेजारच्यांनाही ऐकू गेली असेल.

मग आमच्या बायकोनं, मालतीनं, स्वयंपाकाचं खातं माझ्याकडून काढून घेतलं. पातळ मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, ताक, उकडलेलं अंडं. मग आठवड्याला एकेक भाजी, नीट शिजवून. आक्काच्या गालावर जरा मांस धरायला लागलं.

मला दारावरची ड्यूटी मिळाली. कारण कोल्हापुरात माणूस आजारी पडला की गल्ली डबा घेऊन येते. आणि डब्यात काय? मटणाचा पांढरा रस्सा! “लई अशक्तपणा आलाय वो, वाटीभर पिल्या की टुणकन उठतील बघा.” असे सात डबे मी दारातच अडवले. एक थेंब आक्कापर्यंत पोचू दिला नाही. आता डबा भरलेला परत द्यायचा म्हणजे देणाऱ्याचा अपमान, आणि ओतून टाकायचा म्हणजे अन्नाचा. मग ते सातही डबे कुणी संपवले असतील? जाऊ दे, विषय आक्काचा चाललाय.

राहिलं चालणं. एका सकाळी तिला रंकाळा तलावावर नेलं. शंभर पावलं झाली नसतील, आक्का थांबली.

“बापू, मागं चल.”

“का? दमलीस?”

“दमाय काय झालंय? आतडं कापल्यापासनं भरवसा ऱ्हायला न्हाय. लागली की लागली, थांबाय येत न्हाय. वाटंत लागली तर जाऊ कुठं मी?”

“काही लागत नाही! चल, एक-दो-एक!”

आता तुम्हीच सांगा, आतड्याला कुणी ‘एक-दो-एक’ म्हणतं का? पण मी म्हटलं. आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मी शिट्टी खिशात घातली. त्या दिवसापासून तिनं बाहेर पाऊल टाकायचं बंद केलं. “म्हशी माझी वाट बघत्यात,” म्हणाली आणि आठवड्यात उचगावला निघून गेली.

माझ्या जिवाला घोर लागला. बाई घरात बसून राहिली तर अंगात ताकद यायची कशी? मी मनगटावरचं ते पावलं मोजणारं घड्याळ आणलं, आक्काच्या हातात बांधलं आणि तिचे आकडे माझ्या मोबाइलवर दिसतील अशी सोय करून घेतली. पहिल्या दिवशी आठशे पावलं. मग अकराशे. मग महिनाभर तसंच रडतखडत. आणि एका सोमवारी बघतो तर पाच हजार! मंगळवारी सहा हजार! पुढच्या आठवड्यात नऊ हजार!

मला तर आकाश ठेंगणं झालं. मी भाजीवालीला आकडा सांगितला, न्हाव्याला सांगितला, गॅस सिलिंडर द्यायला आलेल्या माणसाला सांगितला. आणि रोज सकाळी आमच्या फिरायच्या मंडळात सांगितला. आमचं मंडळ रंकाळ्यावर रोज फिरायला जातं. फिरणं म्हणजे काय, फाटकापासून मिसळीच्या गाडीपर्यंत. तिथं बसून व्यायामाचे फायदे बोलायचे, कट वाढवून घ्यायचा आणि घरी यायचं. नऊ हजार ऐकून मंडळाचे अध्यक्ष नाना पाव हातात धरूनच उभे राहिले.

“बापूसाहेब, ह्या माउलीचा सत्कार झालाच पायजे! फेटा बांधायचा!”

रविवारी सकाळचा सत्कार ठरला. शुक्रवारी मी आक्काला सांगायला स्वतः उचगावला गेलो. गोठ्यापाशी आलो आणि जागच्या जागी थांबलो. राणी रवंथ करत उभी होती, मान हलवत होती. आणि तिच्या डाव्या शिंगात ते घड्याळ होतं. पट्टा नीट आवळलेला! आक्का कुठं दिसेना.

नऊ हजार पावलं! म्हशीची!

इथं तुम्ही म्हणाल, अहो, विचारायचं की आक्काला. बरोबर आहे. तुम्हाला चहा पिता पिता कळतंय, मला तिथं उभं राहून कळलं नाही. मी आल्या पावली मागं फिरलो आणि सत्काराचं फोनवर कळवलं. दोन दिवस अन्न गोड लागेना. फसवलं याचा राग होताच, पण त्याहून मोठी भीती होती. ही बाई चालतच नाही, मला आणि डॉक्टरीणबाईंना दोघांनाही बनवतेय, आणि पुढच्या आठवड्यात तपासणी. त्यात काही वाईट निघालं तर? (तपासणी छान निघाली. आधीच सांगून टाकतो, तुमचा जीव टांगणीला नको.)

रविवारी रंकाळ्याच्या काठाला खुर्च्या मांडल्या, माइक लावला. आक्का रिक्षानं आली. हिरवं इरकल नेसून, कपाळभर कुंकू लावून, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच अशी चारचौघांत आली होती. नानांनी तिला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मग भाषण ठोकलं. “नऊ हजार पावलं! आपल्यापैकी कुणाची टाप हाय का?” टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि नानांनी माइक माझ्या हातात दिला.

माइक हातात आला की ड्रिल मास्तरचं काय होतं, तुम्हाला माहीत नाही. मला एकदम वाटलं, आज लाज वाटली तर वाटू दे, पण ही बाई उद्यापासून चालली पाहिजे. शिस्त!

“मंडळी,” मी म्हणालो, “ही पावलं आक्काची नाहीत. तिच्या म्हशीची आहेत. घड्याळ मी म्हशीच्या शिंगात स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय!”

टाळ्या थांबल्या. पाठीमागं कुणीतरी फिसकन हसलं. आक्का उठून उभी राहिली. आणि आक्का अशी उठली, म्हणजे काय होतं ते मला लहानपणापासून माहीत आहे.

तिनं शाल खुर्चीवर ठेवली. नारळ नानांच्या मांडीवर ठेवला. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या खिशात कोंबलं.

“चल.”

“कुठं?”

“रंकाळ्याला अख्खा फेरा मारायचा. मोजायला यंत्र नको. तू बघ, ही समदी बघू देत. चल, गाढवा!”

आणि पदर खोचून निघाली की! डोक्यावर फेटा तसाच. मंडळ पाठोपाठ निघालं. मिसळीच्या गाडीपर्यंत सगळे होते. गाडी ओलांडून पुढं गेलो आणि मागं वळून बघतो तर कुणीच नाही. पायांना तेवढीच सवय, त्यांचा तरी काय दोष? आता आक्का पुढं आणि मी मागं. ती चालत होती आणि मी जवळजवळ पळत होतो.

“आक्का, अगं, जरा ऐक. राणीच्या शिंगात घड्याळ...”

“शेण काढताना, उकिरड्यावर न्हेताना हातात ठेवू व्हय ते? भिताडावर ठेवलं तर मांजर पाडतंय. राणीच्या शिंगाला हात लावायची कुणाची छाती हाय? म्हणून तिथं अडकिवतो. काम झालं की परत हातात!”

“मग नऊ हजार कसे झाले?”

“रतीब घालतो मी.”

“काय?”

“दुधाचं मोठं कॅन पोरगा गाडीवरनं न्हेतोय. जवळची सोळा घरं मी घेतली. डॉक्टरीण म्हणल्या, वजन उचलायचं न्हाय. म्हणून एका टायमाला एकच लिटर. एक घर करायचं, माघारी यायचं, किटली भरायची, दुसरं घर. सकाळी सोळा फेऱ्या, सांजच्याला सोळा.” मग चालता चालताच जरा आवाज खाली आणून म्हणाली, “आणि बापू, सोळा घरं म्हंजी सोळा संडास. समदी वळकीची. कवा बी लागू दे, कुणाच्या बी दारात जातो. भ्या गेलं माझं. तू चल चल करत हुतास, पर कशाला भितो, हे कुठं इचारलंस?”

मला रडूच आलं हो. आक्का चालत होती, खरंच चालत होती, आणि मी तिला चारचौघांत खोटं पाडलं होतं.

“आक्का, चुकलं माझं.”

“चुकलंच की. पाय उचल.”

पण पाय कुठले उचलतायत! अर्धा फेरा होईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकायला लागले. सदरा घामानं भिजला, बरगडीत कळ आली, दातखीळ बसायची तेवढी राहिली. आणि नेमकी तिथं आक्का थबकली.

“लागली.”

मी घाबरलो. आजूबाजूला सगळी अनोळखी घरं. पण आक्कानं इकडं तिकडं बघितलंसुद्धा नाही. समोरच्या घराचं फाटक उघडलं आणि आपल्या त्या आवाजात ओरडली, “वो ताई! जरा बाथरूमला जाऊ द्या. आतड्याचं आपरेशन झालंय, थांबाय येत न्हाय!”

घरातून बाई धावत आली. “या की, या! त्यात इचारायचं काय?” आक्का ताठ मानेनं, फेट्यासकट, आत गेली. काही महिन्यांपूर्वी शंभर पावलांवरून मागं फिरलेली माझी बहीण. मी फाटकाला धरून उभा होतो आणि मला छाती फुगवावीशी वाटत होती. पण छातीत हवा शिल्लक नव्हती.

ती बाई परत बाहेर आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरा पडलेला चेहरा, लटपटणारे पाय, पोटाशी धरलेला हात.

“अगं बाई गं! म्हंजी आपरेशन तुमचं झालंय व्हय? पावणं, उभं का? बसा, बसा हितं पायरीवर! पाणी आणू? आपरेशनला किती दिवस झालं वो?”

मी हातानं नाही नाही केलं. तोंडातून शब्द फुटेना.

“बोलू नगासा. कळतंय मला. आमच्या मामंजींचं बी असंच झालतं.”

तेवढ्यात आक्का पदरानं तोंड पुसत बाहेर आली. बाई तिच्यावर घसरलीच. “काय वो ताई, पेशंटला एवढं चालिवत्यात व्हय? रंग बघा की पावण्यांचा!”

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनी विनवलं, की आक्का, सांग गं बाई खरं काय ते.

“काय करू, ताई?” आक्का म्हणाली. “ऐकतच न्हाय त्यो. लई समजावलं, पर मिसळ काय सुटत न्हाय त्याची. तुम्ही त्येला एक रिक्षा बघून देता काय? माझा अर्धा फेरा ऱ्हायलाय.”

आणि गेली! फेट्याचा शेमला पाठीवर उडवत रंकाळ्याच्या काठानं झपाझप गेली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. त्या बाईनं मला दंडाला धरून एकेक पायरी उतरवलं, रिक्षात बसवलं, पाठीला उशी दिली आणि रिक्षावाल्याला बजावलं, “खड्डं चुकवून न्या वो, पावण्यांचं आपरेशन झालंय!”