मार्थाबाईंचा शनिवार आणि रविवार

एका भोंदू बाईला उघडं पाडायचं म्हणून मी पुण्याहून कोल्हापूरला मोठ्या उत्साहाने निघालो. नव्वदीच्या अखेरची गोष्ट. मार्थाबाई सातपुते यांच्या लावण्या तेव्हा पानपट्टीपासून वरातीपर्यंत सगळीकडे वाजत होत्या. कॅसेटवर बाईंचा फोटो आणि वर ठसठशीत क्रूस! मुलाखतीत गाण्याचं विचारलं की बाई प्रभूवर बोलायच्या. कलावंतांची भक्ती कॅसेट खपेपर्यंतच टिकते, हे माझं जुनं मत. आमच्या साप्ताहिकात ते खमंग करून वाढायचं ठरवूनच एसटीत बसलो. किणीजवळ चाक पंक्चर झालं आणि तासभर उन्हात उभं राहून माझं मत आणखीच पक्कं झालं.

कोल्हापूरला गेलेल्या लेखकाला तांबड्या-पांढऱ्यावर (मटणाचे दोन रस्से) पानभर लिहावंच लागतं, नाहीतर बहुधा त्याला गावाबाहेर सोडत नसावेत. मी एवढंच लिहितो की तांबडा चांगला होता आणि अर्धी वाटी माझ्या एकुलत्या एका पांढऱ्या शर्टावर सांडली. वाढपी म्हणाला, "असू दे पावणं (पाहुणे), कोल्हापूरला आल्याची खूण हाय ती!" नुकसान माझं आणि कौतुक गावाचं.

मार्थाबाईंचं घर चर्चमागच्या गल्लीत. भिंतीवर येशूचं चित्र, खाली खुंटीला ढोलकी. "सलाम! या की आत," त्या ख्रिस्ती रिवाजाने म्हणाल्या. चहा येण्याआधीच मी विचारलं, "क्रुसामुळे कॅसेट जास्त खपते का हो?"

"खपतीया कुठली! कॅसेटवाला तो काढा म्हणून माझ्या मागं लागलाय. आणि चर्चचं पंच म्हणत्यात, आज नाट्यगृहात लावणी गायलीस तर उद्यापासनं क्वायरमध्ये (चर्चच्या गायकमंडळात) हुबं ऱ्हायचं न्हाई. आईच्या मागं क्वायर मीच चालवतो (इकडच्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात)."

"मग आज गाणार नाही?"

"गाणार की! ह्यो गळा कुणी दिलाय मला? पंचांनी?"

बोलताना त्यांचा चहा तसाच निवत होता. क्वायर सुटणार याचं दुःख चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि मला मात्र लेखाला छान मसाला मिळाला याचा आनंद झाला होता.

संध्याकाळी नाट्यगृहात नटराजापुढे नारळ फुटला. ढोलकीवाल्याने ढोलकीला कपाळ टेकलं, नाचणारीने घुंगरांना नमस्कार केला. मार्थाबाई माइकपुढे आल्या आणि डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागल्या. इतकी नमनं गोड मानून घेतलेल्या आयोजकांना हे एकच खुपलं. त्यांनी माइक बंद करायला लावला. बाईंनी नुसता आवाज वाढवला. शिट्ट्या मारणारी शेवटची रांगसुद्धा गप्प झाली. 'आमेन' म्हणून त्यांनी पदर खोचला आणि अशी लावणी उचलली, की पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहून "वन्स मोअर!" ओरडू लागले. एप्रिलच्या उकाड्यात त्यांनी डोक्याला मफलर गुंडाळला होता. मला वाटलं, सर्दी झाली असेल.

रविवारी फजिती बघायला मी चर्चमध्ये हजर. शर्टावरच्या डागावर वर्तमानपत्र धरून बसलो होतो. मार्थाबाई शेवटच्या बाकावर. क्वायरपुढे काळ्या कोटात उभे होते दावीद मास्तर, बंदी घालणाऱ्या पंचांचे म्होरके. मफलर नव्हता, पण नाक, मिशी आणि आवाज कालचाच!

मास्तरांनी गीत धरलं ते इतक्या वरच्या पट्टीत, की पहिल्या कडव्यातच मंडळींचे घसे बसले. दुसऱ्याला नुसती पेटी वाजत राहिली. पाळकसाहेबांनी (पाद्रींनी) मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी छताकडे. शेवटी मान मागे वळवावीच लागली.

"मार्था, उचल की जरा."

मार्थाबाई उभ्या राहिल्या. "मास्तर, काल ज्याला वन्स मोअर म्हणलासा त्याच गळ्यानं गाऊ, का दुसरा आणू?"

कुणीतरी म्हातारी फस्सकन हसली. मास्तर लालबुंद झाले. "त्याच," ते पुटपुटले.

मग बाईंनी मागूनच गीत धरलं. तोच आवाज, तीच फिरत. सगळं चर्च त्यांच्या मागून गाऊ लागलं. मला देवाधर्माचं फार नाही, तरी अंगावर काटा आला हे कबूल करतो, नाइलाजाने.

बाहेर मास्तर तुटक आवाजात म्हणाले, "पुढच्या रविवारी क्वायरमध्ये पुढं हुबी ऱ्हा."

"ऱ्हातो की. शनिवारी इचलकरंजीत कार्यक्रम हाय, तुमी बी या. खरं (पण) मफलर काढून या."

परतीच्या गाडीत ड्रायव्हरने त्यांचीच कॅसेट लावली होती. कराडपर्यंत ऐकत आलो आणि ठरवून आणलेली सगळी खमंग वाक्यं एकेक करून खोडली. पुण्यात संपादकांनी दारातच विचारलं, "काय, सापडला का भोंदू?"

"सापडला," मी म्हणालो, "पण त्याला गाता येत नाही."